घरी नसण्याचा गुन्हा

दारावर थाप पडली आणि घरात कुणी नसले, तर आपल्याकडे फारसे काही बिघडत नाही. आलेला माणूस शेजारी चौकशी करतो, निरोप ठेवतो आणि पुन्हा केव्हातरी येतो. घरी नसणे हा गुन्हा आहे, असे कुणाच्या मनातही येत नाही. जगातल्या अव्वल खेळाडूंच्या बाबतीत मात्र तसे राहिलेले नाही. बारा महिन्यांत तीन वेळा थाप पडली आणि तिन्ही वेळा खेळाडू जागेवर सापडला नाही, तर त्याला दोन वर्षांपर्यंत मैदानाबाहेर बसावे लागते. त्याच्या रक्तात किंवा लघवीत काही सापडलेले नसते. तो स्वतः सापडलेला नसतो, एवढेच.

हा न्याय आहे का? वरवर पाहिले तर प्रश्न खेळाचा आहे. पण संशय कुणावर घ्यावा, किती घ्यावा, पुरावा नसताना शिक्षा करता येते का आणि माणसाच्या दाराला काही इज्जत असते की नाही, हे प्रश्न खेळापुरते नाहीत. आपल्या परंपरेत त्यांचा खूप विचार झालेला आहे. म्हणून या अंकाच्या वाचकांपुढे ते मांडावेसे वाटले.

आधी नियम नीट समजून घेऊ. उत्तेजक द्रव्यांना आळा घालण्यासाठी १९९९ मध्ये ‘वाडा’ ही जागतिक संस्था स्थापन झाली आणि २००४ पासून तिची संहिता लागू झाली. तपासणीसाठी निवडलेल्या आघाडीच्या खेळाडूंना दर तीन महिन्यांनी पुढच्या प्रत्येक दिवसाचा ठावठिकाणा कळवावा लागतो. रात्री कुठे झोपणार, सराव कुठे करणार आणि पहाटे पाच ते रात्री अकरा या वेळेतला कोणता एक तास कोणत्या पत्त्यावर नक्की भेटणार, हे त्यात असते. बेत बदलला तर तो आधी कळवण्याची सोय आहे. आता ते मोबाईलवरूनही करता येते. त्या तासात अधिकारी न सांगता येऊ शकतो. तो आला की कमीत कमी ९० मिलिलिटर लघवी द्यावी लागते आणि देताना त्या खेळाडूच्याच लिंगाचा अधिकारी समोर उभा राहून पाहतो. हयेला मोल देणाऱ्या माणसाला हे वाचतानाही संकोच वाटेल. खेळाडूला ते वर्षातून अनेकदा सोसावे लागते. कळवलेल्या तासाला न सापडणे किंवा माहिती न भरणे, अपुरी भरणे ही एक चूक. अशा तीन चुका झाल्या की नियमभंग. पूर्वी या तीन चुका १८ महिन्यांत मोजत. २०१५ पासून ती मुदत १२ महिने झाली.

आता एक उदाहरण. सलवा ईद नासेर हिचा जन्म नायजेरियातला. किशोरवयात ती बहारीनला गेली, तिने इस्लाम स्वीकारला, नाव बदलले आणि ती बहारीनच्या झेंड्याखाली धावू लागली. ऑक्टोबर २०१९ मध्ये दोह्याच्या जागतिक स्पर्धेत तिने ४०० मीटरची शर्यत ४८.१४ सेकंदांत जिंकली. तोवरच्या इतिहासात तिच्यापेक्षा वेगाने ही शर्यत फक्त दोघी धावल्या होत्या; एक पूर्व जर्मनीची, दुसरी चेकोस्लोव्हाकियाची, आणि दोघीही १९८०च्या दशकातल्या. त्या वेळी सलवा २१ वर्षांची होती.

जून २०२० मध्ये तिला तात्पुरते निलंबित केले गेले. आरोप ठावठिकाण्याच्या चुकांचा होता. तपासणी चुकणे कुणाच्याही बाबतीत घडू शकते, ही नेहमीची गोष्ट आहे, असे ती समाजमाध्यमावर बोलून गेली आणि लोक आणखीच बिथरले. सुनावणीत मात्र एक विलक्षण गोष्ट पुढे आली. चुकलेल्या तपासण्यांपैकी एका वेळी अधिकारी तिच्या इमारतीत पोहोचला होता, थांबला होता, दारही ठोठावत होता. पण दारांवरच्या क्रमांकांचा घोळ असा होता की तो ठोठावत होता ते दार तिच्या घराचे नव्हतेच. गॅसच्या टाक्या ठेवण्याच्या खोलीचे होते. ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायाधिकरणाने ही चूक तिच्या खात्यावर धरली नाही आणि तिला मोकळे केले. त्याच वेळी प्रकरण अगदी काठावरचे आहे आणि तिने यातून धडा घ्यावा, अशी समजही दिली. पुढे अपील झाले. ३० जून २०२१ रोजी, टोकियो ऑलिम्पिकला महिनाही उरला नसताना, लोझानच्या क्रीडा लवादाने वेगळा निष्कर्ष काढला आणि तिला दोन वर्षांची बंदी घातली. टोकियो हुकले. परतल्यावर २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिने रौप्यपदक मिळवले.

ही हकीकत वाचून दोन तऱ्हेची माणसे आपापला निकाल लगेच देतात. पहिला म्हणतो, “चोराच्या मनात चांदणे; लपायचे कारण असल्याशिवाय कोण लपतो?” दुसरा म्हणतो, “आपल्या नावाची मुलगी जिंकली, म्हणून तिला पाडले.” मला दोघांचेही पटत नाही. पहिल्याकडे पुरावा नाही आणि दुसऱ्याकडेही नाही. दोघांकडे फक्त गुमान आहे आणि गुमान कितपत पाळावे याविषयी आपल्या धर्माने स्पष्ट ताकीद दिलेली आहे.

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये फार संशय घेण्यापासून दूर राहायला सांगितले आहे आणि लगेच त्याच्या जोडीने दुसऱ्याच्या भानगडी हुडकत बसू नका, असेही सांगितले आहे. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी परवानगी घेण्याचा आणि परत जा म्हटले तर परत फिरण्याचा आदेश आहे. पैगंबरांच्या (स.) शिकवणीनुसार ही परवानगी तीनदा मागायची, नाही मिळाली तर निघून जायचे. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) हजरत उमर (रजि.) यांच्या दाराशी गेले, तीनदा परवानगी मागितली, उत्तर आले नाही म्हणून परतले. खुद्द खलिफाचे दार होते, तरी नियम तोच. आणि उमरही असे की या हदीसला आणखी कुणाची साक्ष आहे का, हे विचारल्याशिवाय राहिले नाहीत. इथे तीन थापांनंतर पाहुण्याने मागे फिरायचे असते. यजमानाला दोष लागत नाही. खेळाच्या कायद्यात तीन थापांनंतर यजमानच गुन्हेगार ठरतो.

हजरत उमर यांचीच आणखी एक कथा गझालींसह अनेकांनी सांगितली आहे. रात्री मदिनेत फिरताना त्यांना एका घरातून संशयास्पद आवाज आला. भिंत चढून ते आत गेले तर माणूस मद्य घेऊन बसलेला. त्या माणसाने शांतपणे सुनावले की मी एक पाप केले असेल, पण तुम्ही तीन केलीत: पाळत ठेवलीत, दाराऐवजी भिंतीवरून आलात आणि परवानगी न घेता, सलाम न करता घरात शिरलात. खलिफाने हे ऐकून घेतले आणि त्याला सोडून दिले. या कथेतला माणूस निरपराध नव्हता. तरीही चुकीच्या वाटेने हाती आलेल्या सत्यावर शिक्षा उभी करायची नाही, हे तिचे सार आहे.

इथे थांबलो तर उत्तर सोपे होईल: ठावठिकाण्याचा नियम म्हणजे पाळत आणि पाळत निषिद्ध, म्हणून नियम वाईट. पण आपली परंपरा इथे थांबत नाही, आणि आपणही थांबू नये.

इस्लामी राजवटींत मुहतसिब नावाचा अधिकारी असे. बाजारात फिरून तो मापे तपासायचा, दुधात पाणी आहे का पाहायचा, तराजूचे पारडे उचलून बघायचा. त्याला कुणी हेर म्हटले नाही. कारण दुकान मांडून बसलेल्या माणसाने लोकांचा विश्वास घेतलेला असतो. त्याचा तराजू ही त्याची खासगी बाब उरत नाही. अकराव्या शतकातले न्यायशास्त्री मावर्दी यांनी मुहतसिबाच्या अधिकारांची मर्यादा आखली आहे. उघड दिसणाऱ्या गैरप्रकाराला त्याने आवर घालावा, झाकलेले उकरू नये. परंतु त्यांनी एक अपवाद ठेवला. थांबलो तर नंतर भरून न येणारे नुकसान होईल, उदाहरणार्थ कुणी कुणाला एकांतात ठार मारायला नेत असल्याची विश्वासार्ह खबर असेल, तर शोध घेण्याची मुभा आहे.

खेळातल्या द्रव्यसेवनाचा पुरावा नेमका असाच निसटणारा असतो. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या ईपीओसारख्या द्रव्याचा माग फार थोडा काळ लागतो. त्याचा फायदा मात्र पुढच्या शर्यतीपर्यंत टिकतो. स्पर्धेच्या दिवशी नमुना घेतला तर चोर केव्हाच गाव सोडून गेलेला असतो. अमेरिकेची धावपटू मॅरियन जोन्स वर्षानुवर्षे तपासण्या देत राहिली आणि त्या तिला पकडू शकल्या नाहीत. शेवटी २००७ मध्ये तिने स्वतःच कबुली दिली. कॅलिफोर्नियातल्या ज्या बाल्को प्रयोगशाळेतून अशी द्रव्ये पुरवली गेली, तिच्या चालकाने २००८ मध्ये जाहीर पत्रात सांगितले की तपासणी चुकवणे हा त्यांच्या पद्धतीचाच भाग होता. अथेन्स ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, १२ ऑगस्ट २००४ रोजी, यजमान ग्रीसचे दोन नामवंत धावपटू तपासणीला सापडले नाहीत. मोटारसायकलचा अपघात झाल्याचे सांगण्यात आले आणि काही दिवसांत दोघांनी स्पर्धेतून माघार घेतली. तेव्हा घरी नसणे नेहमीच निष्पाप असते, असे म्हणता येत नाही.

मग या थापेला मुहतसिबाची थाप म्हणावे, की भिंत चढून येणाऱ्याची? माझ्या मते फरक संमतीत आहे. उमर ज्या घरात शिरले त्या माणसाने कुणाला बोलावले नव्हते. खेळाडूने मात्र तो तास आणि ते दार स्वतः निवडून कळवलेले असते. फ्रान्समधल्या खेळाडूंच्या संघटनांनी या नियमाविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली होती. जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयाने खासगी आयुष्यावर आक्रमण होते हे मान्य केले, पण आरोग्य आणि स्पर्धेतला प्रामाणिकपणा यांसाठी ते समर्थनीय ठरवले.

तरीही ‘संमती’ हा शब्द जपून वापरायला हवा. सही केली नाही तर खेळताच येत नसेल, तर ती संमती किती खुशीची? आपल्या मुंबईत मुख्यालय असलेल्या क्रिकेट मंडळाने ऑगस्ट २००९ मध्ये हाच मुद्दा उचलला होता. सुरक्षिततेचे आणि खासगीपणाचे कारण देऊन भारतीय खेळाडूंनी ठावठिकाणा द्यायला नकार दिला आणि मंडळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मुद्दा पोकळ नव्हता. पण क्रिकेट मंडळाजवळ पैसा होता, वजन होते. त्याने हा नकार दहा वर्षे निभावून नेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ते राष्ट्रीय संस्थेच्या तपासणीखाली आले. त्याच दहा वर्षांत तपासणीच्या यादीत आलेल्या कुस्तीगिराला किंवा धावपटूला तो नकार परवडणारा नव्हता. ज्याच्यापाशी ताकद आहे त्याची खासगी बाब खासगी आणि दुबळ्याची उघडी, हे तर मुहतसिबाने फक्त गरिबाचे माप तपासण्यासारखे झाले.

हजेरीचा अर्थ काय होऊ शकतो, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे आपल्याकडच्या पारधी, कैकाडी अशा जमातींवर त्याखाली हजेरीचे बंधन आले. माणसाने काही केलेले असो वा नसो, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा. जागेवर सापडला नाही की शिक्षा. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाची वसाहतच होती. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, डाग अजून पुरता गेला नाही. “त्या वेळी तू कुठे होतास?” या प्रश्नाचा काच आपल्या समाजातल्याही काही घरांनी सोसलेला आहे. म्हणूनच दोन हजेऱ्यांमधला फरक आपण विसरू नये. एक हजेरी जन्मामुळे मागितली जाते. ती जुलूम आहे, तिला कोणतेही कारण पुरत नाही. दुसरी स्वतः पत्करलेल्या कामामुळे मागितली जाते. ती अमानतीचा हिशेब आहे. मात्र ती आपल्या हद्दीबाहेर गेली, की दुसरीची पहिली व्हायला वेळ लागत नाही.

ती हद्द कोणती? मला ती नियतीच्या प्रश्नाशी दिसते. नियती म्हणजे प्रारब्ध नव्हे, नियत. आमाल नियतीवर अवलंबून असतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ठावठिकाण्याच्या नियमात मात्र नियत जवळजवळ पाहिलीच जात नाही. लपलास की विसरलास, हे कुणी विचारत नाही. हलगर्जीपणा झाला एवढे पुरते. नियत फक्त शिक्षेची मात्रा ठरवताना डोकावते, कारण दोषाच्या प्रमाणात दोन वर्षांची शिक्षा एका वर्षापर्यंत खाली येऊ शकते.

तीन माणसे शेजारी ठेवून पाहा. ब्रिटनची ख्रिस्तीन ओहुरुओगू हिच्यावर २००६ मध्ये तीन तपासण्या चुकल्याबद्दल एक वर्षाची बंदी आली. ती विसराळूपणाची शिक्षा होती, असेच बहुतेकांचे मत पडले. परतल्यावर २००७ मध्ये तिने ओसाकाला जागतिक सुवर्ण आणि २००८ मध्ये बीजिंगला ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले. दुसरा अमेरिकेचा ख्रिश्चन कोलमन, २०१९चा १०० मीटरचा जगज्जेता. ९ डिसेंबर २०१९ रोजी त्याने सायंकाळी सव्वासात ते सव्वाआठ ही वेळ दिली होती. आपण जवळच खरेदीला गेलो होतो, अधिकाऱ्याने फोन केला असता तर पाच मिनिटांत आलो असतो, असे त्याचे म्हणणे. तासाच्या शेवटी आपण घरी पोहोचलो होतो, असेही तो म्हणाला. पण दुकानाच्या पावतीवर आठ वाजून बावीस मिनिटे होती. फोन करणे अधिकाऱ्याला बंधनकारक नव्हते. लवादाने एप्रिल २०२१ मध्ये दोन्ही बाजू पाहिल्या: दोन चुका आधीच खात्यावर असताना त्याने सावध राहायला हवे होते, पण फोन आला असता तर तो पोहोचूही शकला असता. दोन वर्षांची बंदी अठरा महिन्यांवर आली. तिसरा केनियाचा विल्सन किपसांग, एकेकाळचा मॅरेथॉनचा विश्वविक्रमवीर. आपण का पोहोचलो नाही हे दाखवायला त्याने रस्त्यात उलटलेल्या ट्रकचे छायाचित्र दिले. ते छायाचित्र त्या दिवसाचे नव्हतेच. काही महिन्यांनंतरचे होते. २०२० मध्ये त्याला चार वर्षांची बंदी झाली.

तिघेही घरी नव्हते. पहिल्या दोघांच्या गैरहजेरीला शिक्षा झाली, तिसऱ्याच्या खोट्या साक्षीलाही झाली. हा फरक कायद्याने ओळखला, ही चांगली गोष्ट आहे. पण वर्तमानपत्राच्या मथळ्यात तिघांचे नाव एकाच शाईने छापले जाते आणि चहाच्या टपरीवर तिघांनाही ‘डोपिंगवाला’ म्हणतात. इथे अन्याय कायदा करीत नाही; आपण करतो. शंका असेल तिथे हद्दची शिक्षा टाळावी, असे आपल्या फिकहचे जुने तत्त्व आहे. खात्रीने माहीत असलेली गोष्ट नुसत्या संशयाने उखडली जात नाही, हे दुसरे. सलवाच्या शरीरात निषिद्ध द्रव्य सापडल्यामुळे तिला बंदी झाली नाही. ती सांगितलेल्या ठिकाणी सापडली नाही म्हणून झाली. यापेक्षा जास्त म्हणणे म्हणजे बोहतान. आणि यापेक्षा कमी म्हणणे, म्हणजे तिची काहीच चूक नव्हती असे म्हणणे, हेही सत्याला धरून नाही. जगातली तिसरी सर्वांत वेगवान स्त्री एका अमानतीची मालकीण होती. आपला तास सांभाळणे हे त्या अमानतीत येत होते.

म्हणून माझे मत असे. ठावठिकाण्याचा नियम असावा. तो नसेल तर प्रामाणिक खेळाडूच मारला जातो. ज्याने काही घेतले नाही त्याला चौथा क्रमांक मिळतो आणि आपला हक्क कुणी नेला हे त्याला कधी कळतही नाही. त्याच्या बाजूने दार ठोठावणारे कुणीतरी हवे. परंतु जो कायदा नुसत्या गैरहजेरीला गुन्हा ठरवतो, त्याच्या माथ्यावर इतर कायद्यांपेक्षा जास्त जबाबदारी येते. आपण बरोबर दारासमोर उभे आहोत का, हे त्याने आधी पाहावे. फोन करण्याने तपासणी बिघडत नसेल तर एक फोन करावा. दोन चुका झालेल्या खेळाडूला, विशेषतः परक्या देशात परक्या भाषेत राहणाऱ्या विशी-एकविशीच्या पोरीला, कुणीतरी समोर बसवून समजावून सांगावे. आणि ज्याच्यामागे मोठे मंडळ आहे त्याला एक माप, ज्याच्यामागे कुणी नाही त्याला दुसरे, असे करू नये.

आपला एक विश्वास आहे की आपण जिथे असू तिथे अल्लाह आपल्यासोबत असतो. त्याला पत्ता कळवावा लागत नाही, तास ठरवून द्यावा लागत नाही, त्याची थाप चुकीच्या दारावर पडत नाही. आणि सगळे ठाऊक असूनही तो सत्तार आहे, माणसाचे ऐब झाकणारा. माणसांच्या संस्थांना यातले काहीच साधत नाही. त्यांना थोडे कळते, तेही उशिरा, आणि जे कळते ते चव्हाट्यावर मांडल्याशिवाय त्यांचे काम होत नाही. हे त्यांचे वैगुण्य आहे, दुष्टपणा नव्हे. पण ज्याला इतके थोडे दिसते त्याने निकाल देताना हात जरा आखडता ठेवावा. बहारीनमधल्या त्या इमारतीत अधिकारी दार ठोठावत राहिला तेव्हा त्याला वाटत होते की आत कुणीतरी लपले आहे किंवा घरी नाही. आत गॅसच्या टाक्या होत्या.